देणगी कुणाची, निर्णय कुणाचा?
समताधिष्ठित निधीसंकलन आणि सल्लागारांची भूमिका : एक आढावा

जुलै २०२० मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरातून दहा तत्त्वांची एक यादी जाहीर झाली. ती तयार करणारी माणसे सेवाभावी संस्थांसाठी पैसे जमवण्याचे काम करत होती आणि त्यांत पुढाकार होता तो कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी कार्यकर्त्यांचा. निधीसंकलनाचा पाया वंशसमता आणि सामाजिक न्याय हाच असला पाहिजे, हे त्यांचे पहिले तत्त्व होते. एका संस्थेच्या उद्दिष्टापेक्षा सगळ्या समाजाचे हित मोठे मानावे, वेळ देणाऱ्याचे मोल पैसे देणाऱ्याइतकेच धरावे, देणगीदाराला भागीदार समजून त्याच्याशी प्रसंगी अवघड विषयही बोलावेत, अशी पुढची काही तत्त्वे होती. या मांडणीला ‘कम्युनिटी-सेंट्रिक फंडरेझिंग’ म्हणजे समाजकेंद्री निधीसंकलन असे नाव मिळाले.

ही तत्त्वे संस्थांच्या रोजच्या कारभारात कशी उतरवायची, हे सांगणारा एक सल्लागारवर्ग गेल्या दशकात तिथे तयार झाला आहे. विविधता, समता आणि समावेश या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या क्षेत्राला ‘डीईआय’ म्हणतात. सल्लागार विश्वस्त मंडळाच्या बैठका घेतात, देणगीची पत्रे तपासतात, वेतनाची रचना पाहतात. त्यांच्या कामाचे स्वागत झाले, तशीच टीकाही झाली, आणि २०२३ नंतर कायद्याचे प्रश्नही उभे राहिले. हा वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, त्यातल्या भूमिका कोणत्या, पुरावा काय सांगतो आणि कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी : निधीसंकलनाचा व्यवसाय

पैसे जमवण्यासाठी सल्लागार नेमण्याची पद्धत अमेरिकेत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ मध्ये वॉशिंग्टन शहरातील वायएमसीएच्या इमारतीसाठी चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पिअर्स यांनी एक मोहीम आखली. रक्कम जाहीर करायची, मुदत ठरवायची, वर्तमानपत्रांतून सतत प्रसिद्धी करायची आणि मोठ्या देणगीदारांना आधी गाठायचे, हे तंत्र तिथून देशभर पसरले. १९१९ मध्ये जॉन प्राइस जोन्स या माजी पत्रकाराने हार्वर्ड विद्यापीठाच्या निधीमोहिमेचे काम केले आणि त्याच वर्षी निधीसंकलनाचा सल्ला देणारी कंपनी काढली. १९६० मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. जमलेल्या पैशावर टक्केवारीने मेहनताना घेऊ नये, हा नियम आजही तिच्या आचारसंहितेत आहे. ठरलेले शुल्क घ्यावे, दलाली घेऊ नये, ही मर्यादा या व्यवसायाने स्वतःहून घालून घेतली.

नव्वदच्या दशकात देणगीदारांच्या हक्कांची सनद आली. आपला पैसा कुठे खर्च होतो, मंडळावर कोण आहे, देणगी ठरल्या कामीच लागली का, हे जाणून घेण्याचा अधिकार तिने देणगीदाराला दिला. २००३ मध्ये पेनेलोपी बर्क यांचे ‘डोनर-सेंटर्ड फंडरेझिंग’ हे पुस्तक आले. तत्पर आणि व्यक्तिगत पोच, देणगी ठरल्या कामासाठीच वापरली जाईल अशी हमी, आणि पुढची मागणी करण्याआधी पहिल्या देणगीतून काय साधले याची माहिती, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या तर माणूस देत राहतो, असे त्यांनी अभ्यासातून मांडले. पुढे ‘देणगीदारकेंद्री’ हा शब्द व्यवसायात रूढ झाला. पत्राच्या मजकुरात ‘आम्ही’ कमी आणि ‘तुम्ही’ जास्त यावे, हे तिथे नवशिक्यांना पहिल्या धड्यातच शिकवले जाऊ लागले.

याच काळात दानाची घडणही बदलत गेली. २००० साली अमेरिकेतील ६६ टक्के कुटुंबे काही ना काही दान करत होती. २०१८ पर्यंत हे प्रमाण ४९.६ टक्क्यांवर आले. एकूण रक्कम मात्र वाढली आणि २०२४ मध्ये ती सुमारे ५९२ अब्ज डॉलरवर पोचली. देणारे हात कमी झाले आणि उरलेल्यांच्या हाती अधिक पैसा आला. साहजिकच संस्थांचे लक्ष मोजक्या श्रीमंत घरांकडे वळले, आणि त्या घरांच्या आवडीनिवडींना संस्थांच्या कार्यक्रमपत्रिकेत वजन आले. आजच्या वादाचे मूळ इथे आहे.

दुसरी परंपरा : लोकांचा पैसा, लोकांचा निर्णय

समाजकेंद्री विचार २०२० मध्ये आकाशातून पडला नाही. १९५५-५६ मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईंनी आपल्यासारख्या बायकांना एकत्र केले. त्या घरी केक, पाय आणि जेवणाचे डबे करून विकत आणि आलेले पैसे आंदोलनाला देत. पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर ‘कुठूनच नाही’ असे उत्तर द्यायचे, म्हणून गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ पडले. नाव बाहेर आले असते तर त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. इथे देणारी आणि जिच्यासाठी द्यायचे ती, बाई एकच होती.

१९७४ मध्ये बोस्टनमध्ये ‘हेमार्केट पीपल्स फंड’ स्थापन झाला. वारशाने संपत्ती मिळालेल्या काही तरुणांनी पैसा दिला आणि तो कुणाला द्यायचा याचा निर्णय कार्यकर्त्यांच्या मंडळांवर सोपवला. १९८१ मध्ये किम क्लाइन यांनी सहकाऱ्यांसह ‘ग्रासरूट्स फंडरेझिंग जर्नल’ सुरू केले. छोट्या संस्थांनी आपल्याच वस्तीतून, आपल्याच माणसांकडून पैसे कसे जमवावेत, हे त्यात शिकवले जाई. २००७ मध्ये ‘इन्साइट!’ या गोरेतर स्त्रियांच्या संघटनेने एक लेखसंग्रह काढला. मोठ्या फाउंडेशनांच्या अनुदानामुळे चळवळी बोथट होतात आणि कार्यकर्त्यांचा वेळ अहवाल लिहिण्यात जातो, असा त्याचा आशय होता. समाजकेंद्री निधीसंकलनाने यांतले बरेचसे उचलले आणि ते पगारी निधीसंकलकांच्या व्यवहारात आणण्याचा प्रयत्न केला.

२०१७ ते २०२० : मांडणीला वेग

२०१७ मध्ये तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. ‘बोर्डसोर्स’ या संस्थेच्या पाहणीत आढळले की सेवाभावी संस्थांचे ९० टक्के मुख्याधिकारी आणि ९० टक्के मंडळाध्यक्ष गोरे आहेत, आणि २७ टक्के मंडळांवर गोऱ्याखेरीज एकही सदस्य नाही. ‘बिल्डिंग मूव्हमेंट प्रोजेक्ट’ने चार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी केली. गोरेतर कर्मचाऱ्यांत शिक्षणाची किंवा महत्त्वाकांक्षेची उणीव दिसली नाही. अडथळा निवड करणाऱ्या मंडळांच्या पातळीवर आहे, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी व्हिएतनामी वंशाचे कार्यकर्ते वू ले यांनी देणगीदारकेंद्री पद्धत विषमता कशी टिकवते, यावर सविस्तर लिहिले. ते तेव्हा सिएटलमध्ये गोरेतर समाजांतून नेतृत्व घडवणारी संस्था चालवत होते. पुढच्या वर्षी लुंबी या मूलनिवासी समाजातील एडगर विलानुएवा यांचे ‘डीकॉलोनायझिंग वेल्थ’ आले. फाउंडेशनांची संपत्ती कुठल्या इतिहासातून जमली, हा प्रश्न त्यांनी दात्यांच्या वर्तुळात उभा केला.

मे २०२० मध्ये ‘ब्रिजस्पॅन’ आणि ‘एकोइंग ग्रीन’ या संस्थांनी ‘एकोइंग ग्रीन’च्या नेतृत्वविकास कार्यक्रमाच्या निवडचाचणीत वरच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचे उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होते. अटींविना वापरता येणारी शिल्लक तर ७६ टक्क्यांनी कमी होती. दुसरा आकडा अधिक बोलका आहे. कामासाठी पैसे देतानाही या संस्थांच्या हाती मोकळा पैसा द्यायला दाते कचरत होते, म्हणजे विश्वास कमी पडत होता. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि देशभर उद्रेक झाला. दोन महिन्यांत सिएटलची दहा तत्त्वे आली. संस्था, फाउंडेशने आणि कंपन्या सल्लागार शोधू लागल्या आणि मागणी एकाएकी वाढली.

सल्लागार नेमके काय करतात

हे सल्लागार बहुधा एकट्याने किंवा दोन-चार जणांच्या गटाने काम करतात. त्यांतले अनेक जण पूर्वी संस्थांतच नोकरीला होते. त्यांच्या कामाचे ढोबळ मानाने पाच भाग पडतात.

पहिला भाग तपासणीचा. कर्मचारी, विश्वस्त, स्वयंसेवक आणि ज्यांच्यासाठी संस्था काम करते ते लोक, या सगळ्यांशी बोलून निर्णय कोण घेतो, कुणाला विचारले जाते, पगारात कुठे तफावत आहे, हे ते नोंदवतात.

दुसरा भाग प्रशिक्षणाचा. यातच सर्वाधिक वाद झाले. वर्णनिहाय वेगळ्या बैठका घ्याव्यात का, गोऱ्या कर्मचाऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलावे, यावर सल्लागारांतही एकमत नाही.

तिसरा भाग मंडळाच्या रचनेचा. अमेरिकेत बऱ्याच संस्थांच्या विश्वस्तांवर बंधन असते : दरवर्षी ठरावीक रक्कम स्वतः द्यायची किंवा बाहेरून आणायची. हा नियम असेपर्यंत गरीब वस्तीतला माणूस मंडळावर येणे कठीण. म्हणून सल्लागार तो काढायला किंवा ‘ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे’ असा बदलायला सुचवतात. वस्तीतल्या लोकांना सल्ल्यासाठी बोलावले तर त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे, असेही सांगतात.

चौथा भाग देणगीच्या भाषेचा. ‘तुमच्या पन्नास डॉलरमुळे या मुलीचे आयुष्य बदलले’ अशा धाटणीच्या पत्रात देणगीदार तारणहार होतो आणि मुलगी केवळ दयेची धनी. असे मजकूर बदलणे, छायाचित्राला खरी संमती घेणे, छापण्याआधी मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवणे आणि नको म्हणण्याचा हक्क तिच्याकडे ठेवणे, हे या कामात येते.

पाचवा भाग धोरणाचा. कोणती देणगी नाकारायची, देणगीदाराने अपमानास्पद वर्तन केले तर कर्मचाऱ्याच्या पाठीशी कसे उभे राहायचे, नोकरीच्या जाहिरातीत पगार छापायचा की नाही, एखादा देणगीदार शेजारच्या संस्थेला अधिक उपयोगी पडणार असेल तर त्याला तिकडे पाठवायचे का, या प्रश्नांवर संस्थेचा लेखी निर्णय होतो. सल्लागार निघून गेल्यावर संस्थेत जे उरते, ते बहुतेक इथेच असते.

मुख्य भूमिका

या वादात चार भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली भूमिका समाजकेंद्री पक्षाची. देणगीदाराला खूश ठेवण्याच्या धडपडीत संस्था त्याच्याशी खरे बोलत नाहीत, असे हा पक्ष म्हणतो. विषमतेतून लाभ झालेल्या माणसाला ‘तू उदार आहेस’ एवढेच सांगत राहिले, तर विषमतेच्या कारणांबद्दल बोलायला जागाच राहत नाही. एकाच वस्तीतल्या चार संस्था एकाच देणगीदारासाठी झगडतात, त्यात वस्तीचे भले होत नाही. आपण देणगीदारविरोधी नाही, असेही हा पक्ष आवर्जून सांगतो. सामाजिक न्यायाच्या कामाने देणाऱ्याचेही भले होते, असे त्यांच्या तत्त्वांतच म्हटले आहे.

दुसरी भूमिका देणगीदारकेंद्री परंपरेतील अनुभवी निधीसंकलकांची. त्यांच्या मते आभार मानणे, हिशेब देणे आणि माणसाशी नाते ठेवणे यात लाचारी नाही, सभ्यता आहे. निम्मी कुटुंबे दान करत नसताना, उरलेल्यांना इतिहासाचे ओझे दाखवले तर तेही जातील, आणि त्याची झळ ज्यांच्या नावाने हे सगळे चालले आहे त्यांनाच बसेल. समाजकेंद्री पक्ष रंगवतो ते देणगीदारकेंद्री पद्धतीचे विडंबन आहे, मूळ विचार तसा नव्हता, अशीही त्यांची तक्रार आहे. ती अगदीच बिनबुडाची नाही. बर्क यांच्या तीन मागण्यांत खुशामतीची मागणी कुठे नाही.

तिसरी भूमिका डावीकडून येणाऱ्या टीकेची. सल्लागार नेमून संस्था बदलल्याचा देखावा करतात आणि सत्ता होती तिथेच राहते, असे ही बाजू सांगते. फाउंडेशनांना वर्षाकाठी मालमत्तेच्या साधारण पाच टक्के वाटायचे असतात, उरलेली संपत्ती गुंतवणुकीत वाढत राहते. त्या रचनेला हात न लावता पत्राची भाषा सुधारून काय होणार, हा त्यांचा प्रश्न आहे. याच गोटातून आत्मपरीक्षणही झाले. ‘वर्किंग फॅमिलीज पार्टी’चे मॉरिस मिचेल यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. पुरोगामी संस्थांत अंतर्गत वादांनी कामच अडून बसले आहे, प्रत्येक मतभेदाला दडपशाहीचे नाव देण्याची सवय जडली आहे, आणि व्यक्तीच्या वेदनेतून संघटनेचे धोरण ठरवता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे लिहिणारा माणूस कृष्णवर्णीय चळवळीतला होता, म्हणून त्या निबंधाची दखल गांभीर्याने घेतली गेली.

चौथी भूमिका कायद्याच्या आणि पुराणमतवादी बाजूची. वर्णाच्या आधारे कुणालाही वेगळी वागणूक देणे हाच भेदभाव आहे, मग हेतू कितीही चांगला असो, असे ही बाजू मानते. प्रशिक्षणांत माणसाकडे व्यक्ती म्हणून न पाहता गटाचा प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते आणि त्यातून दुरावा वाढतो, असा तिचा आक्षेप आहे. मदतीचा निकष वर्ण न ठेवता गरज ठेवावा, असे तिचे म्हणणे आहे.

पुरावा काय सांगतो

चारही बाजूंचा आत्मविश्वास मोठा आहे. उपलब्ध पुरावा त्या मानाने थोडा आहे.

प्रशिक्षणाबद्दल सर्वांत भक्कम अभ्यास समाजशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा केलेव्ह आणि फ्रँक डॉबिन यांचे आहेत. एरिन केली यांच्यासह त्यांनी ७०८ खासगी आस्थापनांची तीन दशकांची माहिती तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. केवळ प्रशिक्षणाने व्यवस्थापनातले स्त्रियांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण फारसे बदलत नाही. बदलाची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर टाकली, की फरक दिसतो. सक्तीच्या प्रशिक्षणाचा उलट परिणामही होऊ शकतो, हे त्यांनी पुढे दाखवले. हा अभ्यास कंपन्यांचा आहे, सेवाभावी संस्थांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरी एका दिवसाच्या कार्यशाळेवर भिस्त ठेवू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

देणगीच्या भाषेबद्दल पुरावा दोन्हीकडे जातो. २००७ मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक यांनी केलेल्या प्रयोगात मालीमधील एका मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी, दुष्काळाची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट पैसे दिले. एका चेहऱ्याची गोष्ट दानाला प्रवृत्त करते, हे जुने व्यावसायिक शहाणपण त्याने खरे ठरवले. पण ती गोष्ट कुणी सांगायची? ‘अम्रेफ’ या आरोग्यसंस्थेच्या ब्रिटिश शाखेने याचा प्रत्यक्ष देणगीमोहिमेत पडताळा घेतला. केनियातील पॅट्रिक मलाची या आरोग्य कार्यकर्त्याने आपल्या वस्तीची गोष्ट स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या छायाचित्रांतून मांडली. संस्थेने नेहमीच्या पद्धतीने तयार केलेल्या पत्रापेक्षा त्याच्या पत्राने अधिक पैसे जमवले. सन्मानाची भाषा वापरली की पैसे घटतात, या भीतीला हे उत्तर आहे. मात्र प्रयोग एकच आहे. त्यावरून नियम करता येणार नाही.

विनाअट पैशाबद्दलचा पुरावा अधिक आश्वासक आहे. मॅकेंझी स्कॉट या अब्जाधीश दात्रीने २०२० पासून मोठमोठ्या रकमा कोणतीही अट न घालता दिल्या. ‘सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी’ने या देणग्या मिळालेल्या संस्थांचा काही वर्षे मागोवा घेतला. एकदम एवढा पैसा आला की संस्था कोलमडतील, ही भीती बहुतांशी खरी ठरली नाही. संस्थांनी तो राखीव निधीत, पगारांत आणि कामाच्या विस्तारात घातला.

ज्या संस्थेने पूर्णपणे समाजकेंद्री पद्धत घेतली तिचे उत्पन्न पाच-दहा वर्षांत वाढते की घटते, या प्रश्नाला मात्र ठोस उत्तर नाही. दोन्ही बाजू आपापल्या संस्थांचे अनुभव सांगतात. मोठ्या संख्येने, तुलनेसहित केलेला दीर्घ अभ्यास या क्षेत्राला हवा आहे.

२०२३ नंतरचे वळण

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वर्णाचा विचार करण्याला मनाई केली. निकाल शिक्षणापुरता होता, पण त्याचे पडसाद दानक्षेत्रात उमटले. अटलांटामधील ‘फिअरलेस फंड’ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांना वीस हजार डॉलरची अनुदाने देत असे. त्याविरुद्ध १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली खटला झाला. दास्यमुक्त कृष्णवर्णीयांना करार करण्याचा समान हक्क मिळावा, म्हणून हा कायदा झाला होता. ३ जून २०२४ रोजी अपील न्यायालयाने या अनुदानाला स्थगिती दिली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना बंद झाली. देणे हे देणाऱ्याचे मतस्वातंत्र्य आहे की करार, हा प्रश्न त्या खटल्याने ऐरणीवर आणला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो गेला नाही.

२१ जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी खात्यांना बेकायदा डीईआय कार्यक्रमांच्या चौकशीसाठी नावे सुचवायला सांगितले. त्यात मोठ्या सेवाभावी संस्था आणि पन्नास कोटी डॉलर किंवा अधिक मालमत्ता असलेली फाउंडेशने यांचाही उल्लेख होता. आदेशाविरुद्ध दावे दाखल झाले. दरम्यान अनेक संस्थांनी आपली शब्दयोजना बदलली. ‘समता’ऐवजी ‘आपलेपणा’, ‘संधी’ असे शब्द आले. सल्लागारांना आता वकिलांच्या सोबतीने काम करावे लागते. नाव बदलून काम चालू ठेवावे, की नाव सोडणे म्हणजे तत्त्व सोडणे, यावर क्षेत्रात सध्या खरीखुरी मतभिन्नता आहे.

मराठी वाचकाशी नाते

समाजकेंद्री विचार जिथून पुढे आला, त्याच सिएटलच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. अमेरिकेतील सल्लागारांची चौकट वर्णाभोवती बांधलेली आहे. तिथल्या दक्षिण आशियाई संस्थांत बाहेरून सगळे एकाच ‘आशियाई’ रकान्यात बसतात, पण आत जात असते. तो प्रश्न या चौकटीत पुरेसा मावत नाही.

अमेरिकेतील मराठी माणसांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले. तेव्हापासून तिथला पैसा इथल्या सामाजिक कामांना येत आहे. कोणते काम निवडायचे आणि निवडीत इथल्या वस्तीचा आवाज किती, हा प्रश्न अशा प्रत्येक देणगीला लागू होतो.

भारतातली परिस्थिती वेगळी आहे. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर करता येत नाही, आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. शहरातल्या मोठ्या संस्थेने परदेशी निधी मिळवून गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटायचा, ही वाट त्यामुळे बंद झाली. ‘ब्रिजस्पॅन’ने २०२१ मध्ये ३८८ भारतीय संस्थांच्या पाहणीवरून दाखवले की भाडे, हिशेबनीस, प्रशिक्षण अशा अप्रत्यक्ष खर्चाला पैसे मिळवणे बहुसंख्य संस्थांना जड जाते. इथेही सल्लागार आहेत, पण बहुधा ते कंपनीच्या बाजूने काम करतात. छोट्या संस्थेच्या बाजूने बसणारा सल्लागार दुर्मीळ आहे.

या विचाराला आपल्याकडे इतिहास आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि घरोघरच्या मूठमूठ धान्यातून वसतिगृहे चालवली. दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढणारी बाई आणि वसतिगृहात जेवणारा मुलगा एकाच समाजातले होते. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. त्यासाठी ते गावोगाव फिरून लहानसहान वर्गण्या गोळा करत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. त्या पैशाने विद्यापीठ तगले, हे निर्विवाद. लहान वर्गणीदारांची नावे मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. दोन्ही प्रकारचा पैसा लागतो. दोघांच्या शब्दाला सारखे वजन कसे द्यायचे, हाच सिएटलचाही प्रश्न आहे.

अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न ‘समाज’ या शब्दाचा. वस्तीचे मत कोण सांगणार? तिथेही पुढारी असतात, गप्प बसवलेले असतात, बायका असतात. सल्लागार ज्या चार जणांना बोलावतो, तेच समाज ठरण्याचा धोका आहे.

दुसरा प्रश्न सल्ल्याच्या खर्चाचा. शुल्क मोठ्या संस्थांना परवडते. ज्या छोट्या संस्था मुळातच वस्तीतून उभ्या राहिल्या आहेत, त्यांना सल्ल्याची गरज कमी आणि पैशाची जास्त. फाउंडेशनने सल्लागाराला दिलेला पैसा थेट या संस्थांना दिला असता तर काय झाले असते, हे तपासले गेलेले नाही.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. आर्थिक हिशेबाला लेखापरीक्षक असतो. समतेचे काम झाले की नाही हे कोण तपासणार, कोणत्या निकषांवर? सल्लागारीला ना परवाना आहे, ना सर्वमान्य मानके.

चौथा प्रश्न टिकण्याचा. २०२० ची मागणी संकटातून आली आणि २०२५ ची माघार भीतीतून. दोन्ही वेळा बदलाचे कारण बाहेरचे होते. संस्थेच्या आतून, तिच्या घटनेतून आणि रोजच्या रिवाजातून आलेला बदल किती झाला, हे कळायला वेळ लागेल.

समारोप

आज हाती असलेल्या माहितीवरून एवढे म्हणता येते. निर्णय कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न सल्लागारांनी संस्थांच्या टेबलावर आणला. ही त्यांची खरी कामगिरी आहे, आणि टीकाकारांनाही ती नाकारता येत नाही. भाषा, संमती आणि मंडळाची रचना यांतले बदल मोजता येण्यासारखे आहेत आणि त्यांचे मोल आहे. केवळ प्रशिक्षणावर केलेल्या खर्चाची बाजू कमकुवत आहे. सन्मान राखला तर पैसे बुडतात, हे सिद्ध झालेले नाही, आणि सन्मान राखल्याने पैसे हमखास वाढतात, हेही नाही.

म्हणून सल्लागाराच्या कामाची परीक्षा त्याच्या अहवालाच्या जाडीवरून करू नये. तो गेल्यानंतर दोन वर्षांनी मंडळाच्या बैठकीत कोण बसते, अंदाजपत्रकावर कुणाची सही लागते आणि छापलेल्या गोष्टीला नकार देण्याचा हक्क कुणाला आहे, एवढे पाहावे. आपल्यापैकी जे कुठे विश्वस्त आहेत, जे वर्षाकाठी एखाद्या संस्थेला धनादेश पाठवतात, त्यांनी पुढच्या वेळी हे तीन प्रश्न त्या संस्थेला जरूर विचारावेत. त्याला सल्लागार लागत नाही.